राजवाडा ते सरवटे: रात्रीच्या मोजणीच्या नोंदी

१७ नोव्हेंबर २०२४, रविवार

तुळशीचं लग्न झालं, थंडी वाढायच्या आत बसलो एकदाचे. इंदूरात रामबागेत काकांकडे मीटिंग, सगळे मंडळातलेच: काका बँकेतून रिटायर, काकू, एक मेडिकलची विद्यार्थिनी, एक कॅटरिंगवाला दादा आणि मी, मला एक्सेल येतं म्हणून या नोंदी माझ्या गळ्यात. दर डिसेंबरला आपण ब्लँकेट वाटतो, यंदा काकूंनी आधीच सांगून टाकलं की रस्त्यावर किती जण झोपतात, कोण आहेत, गेल्या वर्षीच्या ब्लँकेटांचं काय झालं हे कळल्याशिवाय वर्गणीला त्या कुणाच्या दारात जाणार नाहीत. बरोबर आहे. एकाच माणसाला तीन मंडळांची तीन ब्लँकेटं आणि पुलापलीकडच्याला एकही नाही, हे सगळ्यांनी बघितलंय.

सरकारी आकडा शोधला. शेवटची जनगणना २०११ ची, त्यात २८ फेब्रुवारीच्या रात्री बेघर लोक मोजले होते. देशात १७.७३ लाख, त्यातले शहरात ९.३८ लाख, आपल्या मध्य प्रदेशात १.४६ लाख. २००१ ला देशाचा आकडा १९.४३ लाख होता, म्हणजे एकूण कमी झाले पण शहरातले वाढले, ७.७८ लाखांवरून. त्यानंतरची जनगणना २०२१ ला व्हायची होती ती अजून झालेलीच नाही, म्हणजे हातात आहे ते तेरा वर्षं जुनं. आणि बेघर कोण, तर उघड्यावर, फुटपाथवर, पुलाखाली, जिन्याखाली, मोठ्या पाइपात, देवळात, प्लॅटफॉर्मवर राहणारा. ताडपत्रीची का होईना झोपडी असली की तो यात नाही.

सुप्रीम कोर्टाने सांगितलं आणि पुढे एनयूएलएमच्या, म्हणजे केंद्राच्या शहरी उपजीविका अभियानाच्या, नियमांत आलं ते असं, शहरात दर एक लाख लोकांमागे १०० जणांपुरता निवारा, बारा महिने चोवीस तास उघडा, माणशी किमान ५० चौरस फूट. इंदूर २०११ लाच साडेएकोणीस लाखांच्या वर होतं, म्हणजे तेव्हाच्याच हिशोबाने जवळपास २,००० जणांची सोय हवी. पण गंमत बघा, हा हिशोब शहराच्या लोकसंख्येवर आहे, बेघर किती त्यावर नाहीच. खरे किती हे न मोजता खाटा ठरतात.

एरिया ठरला: राजवाडा, कृष्णपुरा छत्र्या, शास्त्री ब्रिज, स्टेशन, सरवटे बसस्टँड, छावनी. एवढाच. अख्खं शहर आपल्याच्याने होणार नाही. आणि एक अजून ठरलं, कुठल्या जागी किती जण झोपतात ते आकडे या नोंदींत टाकायचे नाहीत, ते काकांच्या वहीत राहतील. कारण पुढे लिहीन.

२३ नोव्हेंबर

रात्री ११ ला राजवाड्याहून निघालो. सराफ्याची खाऊगल्ली फुल, गराडू खायला रांगा, त्यात कोण कुठला काही कळेना. कॅटरिंगवाला दादा हसायला लागला, म्हणे तुम्ही ज्यांना शोधताय ते आत्ता बायपासच्या मॅरेज गार्डनमध्ये पुऱ्या वाढतायत. खरंच की. लग्नाचा सीझन, वाढपी, भांडी घासणारे, वरातीत डोक्यावर लाइट घेऊन चालणारे, यातले कितीतरी जण स्टेशन-सरवटेच्या आसपास झोपतात आणि परत येतात २ नंतर. तोपर्यंत रैन बसेऱ्यात, म्हणजे रात्रीच्या निवाऱ्यात, जागा गेलेली असते नाहीतर दार लावलेलं असतं. म्हणजे ज्याला काम मिळालं तो रात्री बाहेर, आणि ज्याला नाही मिळालं तो आत. कागदावर चोवीस तास उघडा लिहिलंय ते याच माणसासाठी.

मग ३ नंतर फिरून बघितलं. तिथे दुसरी पंचाईत, सफाई. आपलं शहर रात्रीतून झाडून धुऊन निघतं, २०१७ पासून स्वच्छतेत नंबर उगाच नाही लागत. पण मशीन आली की फुटपाथवरचा माणूस गाठोडं घेऊन समोरच्या बाजूला, मशीन गेली की परत इकडे. एका बाजूने मोजत गेलं तर तोच माणूस दोनदा किंवा एकदाही नाही. म्हणून वेळ साडेतीन ते पाच, दोन टीम, रस्त्याच्या दोन्ही बाजू एकाच वेळी.

१ डिसेंबर

फॉर्मवरून भांडण. आमच्या डॉक्टरीणबाईंना बीपी, शुगर, खोकला, दारू, सगळं विचारायचंय, काकूंचं म्हणणं पहाटे चारला कोणी तुम्हाला विचारलं तर तुम्ही सांगाल का. झोपलेल्याला उठवायचं नाही यावर मात्र एकमत. झोपलेला असेल तर नुसती नोंद, जागा असेल तर चार प्रश्न: काल कुठे झोपलात, इंदूरात कधीपासून, शेवटचं पक्कं छप्पर कुठे होतं आणि ते कशाने सुटलं, आणि आत्ता एकच गोष्ट व्हायची असेल तर काय व्हावी. फोटो नाही, आधार नंबर नाही, नाव ते सांगतील ते.

चौथा प्रश्न काकूंचा, मला तो जरा नाटकी वाटला होता पण ट्रायलमध्ये तोच कामाचा निघाला. पहिल्या फटक्यात "घर पाहिजे" कोणी म्हणतच नाही. आधार कार्ड हरवलंय ते परत पाहिजे. ठेकेदाराकडे अडकलेले पैसे पाहिजेत. पायाचं प्लास्टर निघावं. एक जण म्हणाला, भिया, सामान ठेवायला कुलपाची पेटी मिळाली तर मी उद्यापासून कामाला जातो, आत्ता गाठोडं सोडून जाता येत नाही. ही असली उत्तरं फॉर्ममध्ये टिक मारायला ठेवली असती तर सुचलीच नसती कोणाला.

७ डिसेंबर

न्यूयॉर्कमध्ये २००५ पासून एक मोजणी होते, होप नावाची, त्यात मोजणारे लोक नीट बघतात का हे तपासायला काही माणसं मुद्दाम रस्त्यावर पेरून ठेवतात. मोजणाऱ्यांनी त्यांच्यातले किती गाठले यावरून कळतं की खरे किती सुटले असतील, त्या हिशोबाने आकडा वर न्यायचा. आम्ही केलं हे. काका आणि त्यांचा एक मित्र ब्लँकेट गुंडाळून सरवटेच्या बाजूला बसले, टीमला काहीही सांगितलं नव्हतं. मित्र सापडला. काका नाही सापडले, ते दोन हातगाड्यांच्या मधे होते, टीम समोरून गप्पा मारत निघून गेली, काका नंतर दोन दिवस टोमणे मारत होते. पण नियम मिळाला: बंद टपऱ्यांच्या मागे, हातगाड्यांच्या मधे, एटीएमच्या आडोशाला टॉर्च खाली धरून बघायचंच. बायका तर हमखास तिथेच असतात, उजेडात बसेल कोण. एकट्या बाईला झोपताना दिसायचं नसतं, त्यामुळे नुसत्या फिरतीच्या मोजणीत त्या नेहमी कमी येतात, शंभर टक्के.

१४ डिसेंबर, दत्तजयंती

आता न दिसलेले धरून एकूण किती हे काढायला जवळजवळच्या दोन रात्री घेतल्या. हिशोब सोपा आहे, इथे लिहून ठेवतो म्हणजे पुढच्या पोरांना कळेल. समजा पहिल्या रात्री ६० जण भेटले, दुसऱ्या रात्री ५०, आणि दोन्ही रात्री भेटलेले २०. तर ६० गुणिले ५० भागिले २०, म्हणजे १५०. तळ्यातले मासे मोजायला हीच रीत वापरतात, एकदा पकडून खूण करून सोडायचे, परत जाळं टाकायचं, खुणेचे किती आले बघायचं. म्हणजे एका रात्री ६० दिसले तरी एरियात १५० असू शकतात. पण अट अशी की मधल्या काळात कोणी आलं-गेलं नसावं, आणि तोच माणूस परत ओळखता आला पाहिजे. ओळखायला आम्ही सांगितलेलं नाव, गाव आणि झोपायची नेहमीची जागा एवढंच वापरतो, फोटोशिवाय जमतंय.

आमचा खरा आकडाही दिसलेल्यांपेक्षा बराच वर आलाय. काका म्हणाले शिरा उशिरा झाला तरी चालेल आधी परत मोजून बघ. परत मोजला, तेवढाच.

१७ डिसेंबर

दोन गोष्टी एकदम. परवापासून मलमास, म्हणजे आपला धनुर्मास, लग्नं बंद, कॅटरिंगचं काम बंद, त्यामुळे तेच लोक आता रात्रभर फुटपाथवर. आत्ता मोजलं तर आकडा वाढलेला दिसेल आणि शहरात एकही नवा बेघर आलेला नसेल. संक्रांत झाली की आपोआप कमी.

दुसरी, पेपरात आलंय की १ जानेवारीपासून इंदूरात भीक देणाऱ्यावरच गुन्हा दाखल होणार. केंद्राच्या स्माइल योजनेत भीकमुक्त करायच्या शहरांमध्ये आपलं शहर आहे. आमच्या यादीतले बहुतेक लोक भीक मागत नाहीत, मजुरी करतात, कचरा वेचतात, पण रस्त्यावर झोपलेल्याच्या कपाळावर हे लिहिलेलं नसतं. धास्ती आत्ताच सुरू झालीये.

२८ डिसेंबर

अमेरिकेचा आकडा कालच जाहीर झाला. ७,७१,४८०, गेल्या वर्षीपेक्षा १८ टक्के जास्त, आणि तो मोजलाय या जानेवारीत. तिकडे जानेवारीच्या शेवटच्या दहा दिवसांतली एक रात्र धरतात. एवढा पैसा, एवढी माणसं, तरी आकडा हातात येईपर्यंत वर्ष संपतं, तोपर्यंत त्यातले निम्मे कुठले कुठे. म्हणून तिथल्याच काही गावांनी एका रात्रीच्या आकड्यावर थांबायचं नाही, नावानिशी यादी ठेवायची असं सुरू केलं. दर महिन्याला यादीत नवे किती आले, किती जण घरात गेले, किती परत आले. इलिनॉयमधलं रॉकफर्ड, त्यांनी २०१५ ला निवृत्त सैनिकांचं आणि २०१७ ला वर्षानुवर्षं रस्त्यावर असलेल्यांचं हे काम करून दाखवलं. त्यांचं शून्य म्हणजे एकही माणूस बेघर नाही असं नव्हे, महिन्याला जेवढ्यांना घरात न्यायची गावाची ताकद आहे त्यापेक्षा यादीत जास्त माणसं उरू द्यायची नाहीत. मला हे पटलं. कोणाची नोकरी जाणार, कोणाचं भांडण होणार, ते थांबत नाही, प्रश्न तो किती रात्री बाहेर राहतो हा आहे.

फिनलंडचं पण वाचून दाखवलं. ते १९८७ पासून दरवर्षी मोजतात आणि नातेवाइकांकडे तात्पुरतं राहणाऱ्यालाही बेघर धरतात. काका लगेच, म्हणजे मी आत्याकडे राहून बीकॉम केलं तो बेघरच होतो का. काकू म्हणाल्या आत्यांना विचारायला पाहिजे होतं. असो, पण त्यांनी २००८ पासून आधी घर, बाकी दारू-आजार-नोकरी नंतर, असं उलटं धरलं ते महत्त्वाचं. आपल्याकडे उलट, आधी सुधार मग बघू.

शीटमध्ये कॉलम केले: आला कसा, गेला कुठे, परत आला का. "गेला कुठे" मध्ये गाव, भाड्याची खोली, निवारा, हॉस्पिटल, वारला, आणि माहीत नाही. हा शेवटचा खाना काढून टाकायचा मोह होतो, शीट छान दिसते, पण काढणार नाही.

१२ जानेवारी २०२५

भिकेवरची बंदी लागू झाली, खबर देणाऱ्याला १,००० रुपये बक्षीस पण आहे. सिग्नलवर आणि देवळांसमोर खरंच मोकळं मोकळं दिसतंय. ओळखीचे लोक म्हणतात बघ, संपला ना प्रॉब्लेम. आम्ही रात्री फिरलो, आमच्या एरियात पण खूप कमी. फक्त डोकी मोजली असती तर आम्हीही पेढे वाटले असते.

पण आपल्याकडे नावं आहेत. एक एक शोधत गेलो, दादाच्या ओळखी कामाला आल्या. कोणी देवास नाक्याकडे सरकलंय, कोणी महूला बहिणीकडे, काही जण तर दोन गल्ल्या सोडून आतल्या बाजूला, जिथे आमची टीम पण जात नव्हती. बरेच प्रयागराजला, कुंभ सुरू होतोय, फुगेवाले, माळावाले सगळे तिकडे. त्यांच्यासाठी वेगळा खाना टाकला, कुंभ. एक आजी मात्र सरकारी गाडीतून आश्रमात गेल्या आणि तिथे बऱ्या आहेत, पोटभर जेवतात, हेही लिहिलं पाहिजे, उगाच सगळं वाईट म्हणायचं नाही. भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी कलमं दिल्ली हायकोर्टाने २०१८ मध्ये दिल्लीपुरती रद्द केली, ते का केलं हे या महिन्यात रात्री फिरलेल्याला समजावून सांगावं लागत नाही.

१५ जानेवारी

काल संक्रांत, तिळगूळ घेऊन गेलो, फॉर्म नव्हते आणले मुद्दाम. छावनीत एक आजोबा गाडीचा आवाज आला की उठून बसतात. विचारलं तर म्हणे शिप्राला नाही जायचं. जानेवारी २०२१ ला महापालिकेच्या गाडीतून रस्त्यावरच्या म्हाताऱ्या माणसांना शहराबाहेर शिप्राजवळ नेऊन उतरवत होते, गावकऱ्यांनी अडवलं, व्हिडिओ देशभर फिरला, अधिकारी निलंबित झाला. आजोबा त्या गाडीत नव्हते, ऐकलंय फक्त, पण चार वर्षं झाली तरी आवाजाला उठतातच.

जागेवार आकडे वहीतच का, ते यासाठी. "अमुक पुलाखाली इतके" ही ओळ चुकीच्या हातात पडली की दुसऱ्या दिवशी तिथे गाडी उभी. यादीतलं नाव आणि जागा वेगवेगळ्या शीटमध्ये, कोणी मागितलं तर काकांना विचारायचं, आणि काका कोणाला देत नाहीत.

२ फेब्रुवारी

"आला कसा" चा खाना भरत आला, आज सगळे बसून वाचत होतो. माझा अंदाज होता दारू, घरातलं भांडण, शेतीचं कर्ज वगैरे. आहेत तेही. पण नजरेत भरतं ते हॉस्पिटल. झाबुआ, अलीराजपूर, खरगोनकडून पेशंट येतो, बरोबर घरातला एक, तो बाहेर फुटपाथवर. तो काही बेघर नाही, गावात घर आहे, आम्ही त्याला यादीत घेतही नव्हतो. पण पेशंट वारला किंवा उपचार लांबला, पैसे संपले, बैल विकला, आता गावी कोणत्या तोंडाने जाऊ, अशी माणसं हळूहळू त्याच फुटपाथची होतात. दुसरा प्रकार मजूर, साइटवर पडला, पाय मोडला, प्लास्टर घालून डिस्चार्ज, कागदावर सहा आठवडे विश्रांती. विश्रांती कुठे घेणार? तो साइटवरच राहत होता, साइट गेली म्हणजे छप्पर गेलं. कुठलं हॉस्पिटल हा मुद्दा नाही, सगळीकडे हेच, डिस्चार्जच्या कागदावर पत्त्याचा रकाना भरला की काम झालं, पत्त्यावर कोणी आहे का हे बघायचं काम कोणाचंच नाही.

आमची डॉक्टरीण म्हणाली असल्या माणसाला सहा आठवडे खाट मिळाली तर तो परत कामाला जातो, नाही मिळाली तर पाय वाकडा जुळतो आणि मग तो कायमचा यादीत. माझ्या मते सगळ्या हिवाळ्यातलं सगळ्यात कामाचं वाक्य हे. एक रैन बसेरा चालवणाऱ्यांशी बोलणं झालंय, दिवसा पण झोपू देतील आणि खालची खाट देतील, जेवण मंडळाकडून. सुरुवात दोघांपासून.

मानसिक आजाराने भटकणाऱ्यांचं वेगळं आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम १०० प्रमाणे अशा माणसाला २४ तासांत सरकारी आरोग्य केंद्रात पोचवायची जबाबदारी पोलिसांची. ठाण्यात कलमाचा प्रिंट घेऊन गेलो, हवालदार साहेबांनी आधी नाक मुरडलं, मग वाचलं, मग स्वतःच बाणगंगेच्या मानसिक रुग्णालयाला फोन लावला.

२२ फेब्रुवारी

कागदांचं चक्र. आधार नाही म्हणून खोली नाही, खोली नाही म्हणून पत्ता नाही, पत्ता नाही म्हणून आधार नाही. काकूंनी यातून एक वाट काढली, मतदार यादी. फॉर्म ६ भरताना बेघर माणूस जिथे झोपतो ती जागा लिहू शकतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही. मग बीएलओने, म्हणजे मतदार यादी बघणाऱ्या बूथ अधिकाऱ्याने, रात्री त्या जागी यायचं आणि हा माणूस खरंच इथे झोपतो का बघायचं, एकाहून जास्त रात्री. निवडणूक आयोगाचा नियम आहे, गंमत नाही. मला तर हा अख्ख्या सरकारी कारभारातला सगळ्यात शहाणा नियम वाटतो, पत्ता म्हणजे जिथे माणूस रात्री असतो, विषय संपला.

आता बीएलओ म्हणजे अंगणवाडीच्या ताई नाहीतर शाळेतल्या मॅडम, त्यांना रात्री पुलाखाली या म्हणायचं कसं? काकू म्हणाल्या मी जाते त्यांच्याबरोबर, आणि गेल्या. मॅडम आधी घाबरल्या होत्या, मग फुलं विकणाऱ्या एका मावशींनी त्यांना बसायला स्वतःची चादर दिली आणि गप्पा सुरू झाल्या. पहिली फेरी झाली, दुसरी बाकी आहे. ज्यांच्याकडे निवाऱ्याच्या व्यवस्थापकाचा दाखला आहे त्यांचं आधार त्या दाखल्यावर होऊ शकतं, ते दादा बघतोय.

२० मार्च

काल रंगपंचमी. राजवाडा परिसर गेरसाठी, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीसाठी, आदल्या दिवसापासून ताडपत्र्यांनी झाकलेला, झोपणारे सगळे दोन दिवस इकडेतिकडे, त्यामुळे या आठवड्यात मोजणी नाही, कोणी विचारलं तरी नाही. कुंभवाले परत आलेत, सगळे नाही.

चार महिन्यांत यादीतून खऱ्या अर्थाने बाहेर पडलेले थोडे आहेत. प्लास्टरवाल्या दोघांतला एक कामाला लागला आणि खोलीत तिघांबरोबर राहतो, दुसरा न सांगता गेला, "माहीत नाही" मध्ये. पेटीची सोय झाली, एका दुकानदाराने मागचं शटर दिलं, कुलूपवाल्या पेट्या मंडळाच्या, ते तीन-चार जण रोज कामाला जातात. जे त्याच महिन्यात रस्त्यावर आले होते त्यांना परत पाठवणं सोपं गेलं, एक फोन, बसचं तिकीट, कधी ठेकेदाराशी थोडं वाजवून बोलणं. ज्यांना दोन-तीन वर्षं झालीत त्यांच्यात आमच्याने जवळजवळ काहीच हललं नाही. म्हणजे नवा आलेला माणूस लवकरात लवकर गाठणं हे आपल्यासारख्या मंडळाच्या आवाक्यातलं काम, बाकीच्यांना खरंच घर लागेल आणि ते वर्गणीतून होत नाही, ते महापालिकेकडेच मागावं लागेल. त्यांना द्यायचा कागद काका लिहितायत, त्यात जागा नाहीत, नावं नाहीत, फक्त आला कसा आणि गेला कुठे.

पुढची जोडीची रात्र मेमध्ये, मजूर पेरणीला गावी जायच्या आत. त्याआधी बीएलओ मॅडमची दुसरी फेरी, नंबर काकूंकडे आहे, आणि देवास नाक्याकडे सरकलेल्यांसाठी तिकडच्या मंडळातलं कोणी मिळतंय का ते दादाने विचारायचंय.